मिनीडोरमध्ये मावणारा पियानो

(नभोवाणी भाषणाचं संपादित रूप)

रेवसपासून बाणकोटच्या खाडीपर्यंत आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर विजेवर चालणाऱ्या, पट्ट्यांच्या कुठल्याही वाद्याला ‘कॅसिओ’च म्हणतात. वाद्य यामाहाचं असो, रोलँडचं असो, कॉर्गचं असो. गणपतीच्या मंडपात आणि हळदीच्या रात्री तो कॅसिओच असतो. वनस्पती तुपाला डालडा म्हणावं तसं. माझी त्याला हरकत नाही. पण दुकानात पैसे मोजायची वेळ येते तेव्हा मात्र नावं नीट कळावी लागतात. कीबोर्ड वेगळा, सिंथेसायझर वेगळा आणि ज्याच्याविषयी मला आज बोलायचं आहे तो स्टेज पियानो, म्हणजे उचलून नेता येईल असा डिजिटल पियानो, वेगळा.

एखाद्या कवीनं या विषयावर का बोलावं? कारण गेली पंचवीसेक वर्षं कवितागायनाच्या कार्यक्रमांची निवेदनं करत मी या किनाऱ्यावर हिंडतोय, आणि माझे शब्द लोकांच्या कानापर्यंत पोचतात की पट्ट्यांखाली चिरडले जातात, हे या वाद्यावर ठरतं. शिवाय आमच्या भागातल्या मुलामुलींचा एक चमू आहे. एक गाणारा, एक गाणारी, तबल्याला एक जण आणि पियानो शिकलेली एक मुलगी. त्यांनी वाद्यासाठी वर्गणी जमवली. त्यात गावातल्या शिक्षकांचे पैसे आहेत, मासळीच्या व्यापाऱ्याचे आहेत आणि दोहा-कुवेतला नोकरी करणाऱ्या आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांचेही आहेत. अशी वर्गणी दहा वर्षांत एकदाच निघते. घेतलेलं वाद्य निरुपयोगी निघालं तर ती मुलगी पुन्हा पेटीवर एका हातानं साथ करत बसणार. ‘चाचा, तुम्ही चला बरोबर,’ असं मुलं म्हणाली आणि त्या निमित्तानं मी या विषयात खोल शिरलो.

उचलून नेता येणं ही मामुली अट नाही. या वाद्याच्या सगळ्या घराण्याचा इतिहास या एका अटीवर चालला आहे. इटलीतल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी या कारागिरानं १७०० सालाच्या सुमारास पियानो घडवला. आज मोठ्या सभागृहात असतो तो ग्रँड पियानो पाचशे किलोंच्या घरात जातो. तो जागचा हलत नाही, ऐकणाऱ्यानंच त्याच्याकडे जायचं. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँनं १८४२ मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं. ती पायपेटी आपल्याकडे आली तेव्हा जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या गवयांच्या सोयीसाठी बंगालमधल्या कारागिरांनी तिचे पाय काढले आणि भाता मागे हाताशी आणला. झाली हातपेटी! मग ती कीर्तनात गेली, भजनात गेली, अलिबागकडच्या बेने इस्राएल मंडळींच्या मराठी कीर्तनातही गेली. जे वाद्य काखेत मारून नेता आलं, तेच आपल्याकडे रुजलं.

आणि ज्या नभोवाणीवरून मी हे बोलतोय, तिनंच १९४० साली पेटीला बंदी घातली होती. बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडलं. आक्षेप असा होता की पेटीवर मींड निघत नाही आणि तिचे स्वर आपल्या स्वरांशी तंतोतंत जुळत नाहीत. हा आक्षेप डिजिटल पियानोलाही जसाच्या तसा लागू आहे. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा लागतो. एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर १०० सेंट धरलं तर हा फरक सातवा हिस्सा झाला. सामान्य कानाला तो खटकत नाही, पण तंबोऱ्यावर वाढलेल्या गळ्याला खटकतो. पेटीचा कारागीर रीड घासून हा फरक मिटवू शकतो. पियानोत घासायला काही नसतं. मात्र काही वाद्यांत स्वरांतरांची निराळी विभागणी निवडायची सोय असते. राग गाणाऱ्यांनी दुकानदाराला ते जरूर विचारावं. भावगीत, गझल, स्वरांचे गुच्छ देऊन सजवलेली कविता, यांना बारा सारखे भाग पुरतात. मींडच हवी असेल तर स्वर वाकवणारा दांडा किंवा चाक असलेलं वाद्य घ्यावं; घरगुती धर्तीच्या डिजिटल पियानोंत बहुधा ते नसतं.

गाणाऱ्याचा गळा हा खरा मालक. आमचा गाणारा काळी एकमध्ये गातो, गाणारी काळी चारमध्ये. पियानो शिकलेल्या मुलीचा हात पांढरी एकमध्ये सर्वांत मोकळा चालतो. यासाठी ‘ट्रान्सपोज’ असतं, पेटीतल्या स्केल चेंजरचा धाकटा भाऊ. पट्टी तीच दाबायची, स्वर मात्र हव्या त्या ठिकाणाहून निघतो. ही सोय जवळजवळ प्रत्येक वाद्यात आहे. प्रश्न ती किती चटकन हाताशी येते हा आहे. काही वाद्यांत एक बटण दाबून धरून त्याच वेळी एखादी पट्टी दाबावी लागते. अंधाऱ्या मंचावर, निवेदक दोन वाक्यांत आटपतोय अशा वेळी, ते जमतं का हे दुकानातच करून पाहावं. ट्रान्सपोज चालू असल्याचं पडद्यावर किंवा दिव्यानं दिसत असेल तर फारच उत्तम. याच्याच जोडीला सूक्ष्म सुरावट हवी. पियानो ठरावीक मापानं, ‘अ’ हा स्वर ४४० हर्ट्झ धरून, लावलेला येतो. गावोगावच्या पेट्या आणि बासऱ्या हे माप पाळत नाहीत. बासरी वाकत नाही, तेव्हा पियानोनं वाकावं.

आता पट्ट्या. पूर्ण पियानोच्या ८८, कीबोर्डच्या बहुधा ६१, मधल्या मापाच्या ७३ किंवा ७६. त्यांच्या संख्येपेक्षा वजनाला महत्त्व द्या. खऱ्या पियानोत पट्टी दाबली की लाकडी हातोडी तारेवर आपटते. खर्जाकडे हात जड पडतो, तारसप्तकाकडे हलका. चांगल्या डिजिटल पियानोत हा जडपणा पट्टीखाली घडवलेला असतो आणि पट्टी किती वेगानं खाली गेली हे संवेदक मोजतात. त्यावरून आवाज मोठा की मृदू, टोकदार की गोल हे ठरतं. प्लॅस्टिकच्या स्प्रिंगवाल्या पट्टीवर वेगाचा हा फरक बोटाला सांभाळता येत नाही. गझलेच्या दुसऱ्या ओळीत रदीफ येतो तेव्हा वाद्यानं क्षणभर मागे सरायचं असतं. ते सरणं बोटातूनच होतं, व्हॉल्यूमच्या कळीनं होत नाही. म्हणून कवितेची साथ करणाऱ्यानं वजनदार पट्ट्याच घ्याव्यात. उलट ज्यांना ऑर्केस्ट्रात एका हातानं व्हायोलिनांचा ताफा आणि दुसऱ्यानं सनई वाजवायची आहे, त्यांनी हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड घ्यावा, भारतीय वाद्यांचे आवाज असलेला. त्यांना पियानो म्हणजे उगाच ओझं.

परीक्षा सोपी आहे. एकच पट्टी अगदी हळू दाबा. स्वर कुजबुजत यावा. मग तीच पट्टी पुरती वर न येऊ देता पुन्हा पुन्हा वाजवा. स्वर गळू लागले तर दुसरं वाद्य मागा. पेडल दाबून धरून दोन्ही हातांनी भरपूर स्वर घ्या. आधीचे स्वर मध्येच तुटले तर वाद्याची एका वेळी स्वर सांभाळण्याची ताकद कमी आहे. हल्ली १२८ ही सर्वसाधारण मर्यादा असते आणि साथीला ती पुरते. आवाजांची संख्या मात्र विसरून जा. पाचशे आवाजांपैकी मंचावर तीनच वाजतात.

ओझ्याचं गणित आमच्या मुलखात वेगळं आहे. शहरात गाडीच्या डिकीतून वाद्य थेट सभागृहाच्या दारात उतरतं. आम्हाला एसटी आहे, मिनीडोर आहे, दिघी-आगरदांड्याची फेरीबोट आहे आणि मुंबईला जायचं तर मांडव्याची लाँच. २०२० साली रो-रो सुरू झाल्यापासून गाडीसकट समुद्र ओलांडता येतो, पण त्यासाठी आधी गाडी हवी! ८८ पट्ट्यांचं वाद्य सव्वा-दीड मीटर लांब असतं. मिनीडोरमध्ये ते आडवं बसत नाही, तिरकं घालावं लागतं. रोलँडचा आरडी-२००० सुमारे २२ किलो, यामाहाचा सीपी-८८ साडेअठरा किलोंच्या वर. दोन्ही उत्तम, पण ज्यांच्याकडे उचलायला माणूस आहे त्यांच्यासाठी. रोलँडचा एफपी-३०एक्स पंधरा किलोंच्या जरा आत, आरडी-८८ साडेतेरा, यामाहाचा पी-२२५ साडेअकरा, कॅसिओचा पीएक्स-एस११०० अकराच्या थोडा वर. यात पेटीचे, म्हणजे खोळीचे, तीन-चार किलो आणि स्टँडचे तेवढेच मिळवा. वाजवणारी मुलगी लाँचच्या फळीवरून एका मदतनिसासह वाद्य नेऊ शकते का, हाच माझा निकष.

आता तारेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण विक्रेते याबद्दल मुळीच बोलत नाहीत. वाद्याच्या पाठीला ‘लाइन आउट’ची दोन भोकं आहेत का, ते पाहा. रोलँडच्या एफपी-१० आणि यामाहाच्या पी-१४५ या लोकप्रिय वाद्यांना हेडफोनचंच भोक असतं. घरी शिकायला ती छान, पण मंचावर हेडफोनच्या भोकातून आवाज काढायचा म्हणजे जुगाड. दोन भोकांपैकी एकावर ‘एल/मोनो’ लिहिलेलं असतं. मंडपवाल्याकडे एकच वाहिनी मोकळी असेल, आणि ती एकच असते, तर तार याच भोकात घाला. डाव्या-उजव्या कानासाठी वेगळा केलेला आवाज तिथं नीट एकत्र होऊन येतो. वाद्यापासून मिक्सरपर्यंतची साधी तार पाच-सहा मीटरच्या पुढे गेली की घरघर सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे ‘डीआय बॉक्स’ नावाची मुठीएवढी डबी. वाद्याची तार डबीत, डबीतून माइकची तार मिक्सरला. साउंडवाल्याकडे ती असेलच असं धरून चालू नका, स्वतःची ठेवा.

विजेचं तर आपल्याला सांगायला नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, म्हसळा, मुरुडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. एरवीही जत्रेत जनरेटरवर मंडप उजळतो आणि आकाशपाळणा सुरू झाला की दिवे डोळे मिचकावतात. दिवा मिचकावून पुन्हा लागतो; पियानो मात्र बंद पडून नव्यानं सुरू होतो आणि तोवर गाणाऱ्याचा अंतरा उघडा पडतो. पीएक्स-एस११०० सारखं एखादं वाद्य सहा साध्या पेन्सिल सेलांवर काही तास चालतं. आमच्या किनाऱ्याला हा गुण सोन्यासारखा. सेलची सोय नसेल तर संगणकाचा छोटा यूपीएस बरोबर न्या. अॅडाप्टर कंपनीचाच वापरा; बाजारच्या अॅडाप्टरची धन-ऋण बाजू उलट निघाली तर वाद्य जागीच गप्प होतं.

खारा वारा हा तिसरा शत्रू. तो तारांच्या भोकांना आणि पट्ट्यांखालच्या संपर्कांना हळूहळू खातो. कार्यक्रम संपला की पट्ट्या कोरड्या फडक्यानं पुसाव्यात, खोळीत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि पावसाळ्यात चार महिने वाद्य कोपऱ्यात गुंडाळून ठेवण्याऐवजी रोज वाजवावं.

मंचावरच्या खऱ्या स्टेज पियानोला स्पीकर नसतात, असं पुस्तकी ज्ञान आहे. आमच्यासारख्यांनी ते बाजूला ठेवावं. तालीम कुणाच्या तरी पडवीत होते. तिथं वेगळा स्पीकर कुठून आणणार? आणि मंडपवाला कलावंतांकडे तोंड केलेला स्पीकर विसरतोच, तेव्हा वाद्यातले छोटे स्पीकर वाजवणाऱ्याला तरी ऐकू येतात. लाइन आउटला तार लावल्यावरही ते चालू राहतात ना, एवढं पाहून घ्या.

हे सगळं मांडून मी मुलांना म्हटलं, दोन नावं निवडा. मींडीसाठी दांडा हवा असेल तर आरडी-८८, त्याला स्पीकरही आहेत. दांड्याशिवाय चालत असेल तर पीएक्स-एस११००, हलका आणि सेलवर चालणारा. किमती सारख्या हलतात म्हणून आकडे सांगत नाही, पण दोहोंत बरंच अंतर आहे. दुकानात वाजवणारी मुलगी एकटी गेली नाही, गाणारी दोघंही गेली. विक्रेता पियानोवर झगमगीत इंग्रजी गत वाजवून दाखवत होता; आम्ही म्हटलं, ते राहू दे, आवाज कमी करा आणि या मुलाला काळी एकमध्ये गाऊ द्या. त्याचे शब्द स्वच्छ ऐकू येत होते. मुलीचा हात पट्ट्यांवर स्थिर होता. तिनं दांड्याचा मोह सोडला.

उरलेल्या पैशांत खोळ, डीआय बॉक्स आणि चांगलं पेडल आलं. वाद्याबरोबर मिळतं ते बहुधा चालू-बंद एवढंच जाणणारं हलकं बटण असतं आणि मंडपाच्या गुळगुळीत फळ्यांवर ते पायाखालून पळतं. नवं पेडल जड आहे, तरी त्याच्याखाली घालायला मुलीनं घरून सतरंजीचा एक तुकडा आणला आहे.