नारपोलीत नवा माणूस कसा रुळतो

यंत्रमागांच्या भिवंडीत, नारपोलीसारख्या वस्त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, तेलंगणातून माणसं कामाला येतात. बहुतेकांचा कुणीतरी गाववाला आधीच इथे असतो. तोच कारखान्यात शब्द टाकतो आणि खोलीत पथारीपुरती जागा देतो. जेवणाची सोय बिसीत, म्हणजे कामगारांच्या खाणावळीत. पाळी कधी बदलते, उचल कुणाकडे मागायची, कुठल्या गल्लीत कुणाची वस्ती, हे सगळं नव्याला तिथल्या पंगतीत कळतं. कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मला ही पंगत मोलाची वाटते.

बायकोमुलं आली की मात्र बिसी पुरत नाही, रेशन लागतं. इथेच बरेच जण अडतात, कारण गावचं कार्ड इथे चालत नाही अशी समजूत असते. ते चालतं. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेत नवं कार्ड काढावं लागत नाही, गावचं रद्दही करावं लागत नाही. जवळच्या रास्त भाव दुकानात कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगायचा आणि यंत्रावर अंगठा लावायचा. मात्र कार्ड अन्नसुरक्षा कायद्याखालचं आणि आधारशी जोडलेलं हवं. या कायद्यातल्या ‘प्राधान्य’ गटाच्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, १ जानेवारी २०२३ पासून मोफत. चौघांच्या कार्डावर २० किलो होतात. कुटुंब अजून गावीच असेल आणि त्यातलं ५ किलो नवऱ्याने भिवंडीत उचललं, तरी उरलेलं १५ किलो घरच्यांना गावी घेता येतं.

मुलांच्या शाळेचंही तसंच. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या शाळांत मराठी सक्तीची झाली, त्यामुळे पुष्कळ घरांत मराठी पहिल्यांदा येते ती मुलांच्या तोंडून.

शहरालाही शिकावं लागलं. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी भिवंडी होरपळली होती. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू आणि मुस्लिम, दोन्ही समाजांतली साधी माणसं आणि पोलीस नियमित एकत्र बसू लागले. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. शहर शांत असेल तरच नवा माणूस रुळतो, म्हणून त्याला सामावून घेण्याचं याहून भक्कम काम मला माहीत नाही.

तुमच्या कारखान्यात किंवा चाळीत कुणी नवं आलं असेल, तर त्याला रेशनचा मदत क्रमांक १४४४५ सांगा आणि पहिल्या वेळी दुकानापर्यंत सोबत जा.