किंडरचे काळे पठार

मँचेस्टर आणि शेफिल्ड या इंग्लंडच्या दोन जुन्या कारखानदारी शहरांच्या मध्ये किंडर स्काउट हे पठार पसरले आहे. डर्बीशर परगण्यातली ही सर्वांत उंच जागा, पण उंची अवघी ६३६ मीटर, आणि शिखर म्हणावे असे टोकही तिला नाही. माथ्यावर झाड नाही की घर नाही. हेदरची झुडपे, रानगवत आणि काळा चिखल एवढाच कारभार. अशा उघड्याबोडक्या, ओलसर माळाला ब्रिटनमध्ये ‘मूर’ म्हणतात. ईडेल या खेड्यातून निघून पठारावरून फिरून पुन्हा ईडेललाच उतरणारी वाट १६-१७ किलोमीटरची आहे आणि तिला सहा-सात तास सहज लागतात. चढण दमवते, पण माणसाचा खरा कस लागतो तो सपाट माथ्यावर.

सुरुवात सोपी आहे. ईडेल स्टेशनावरून कुरणे ओलांडत वाट अपर बूथ या वस्तीला येते आणि पुढे एका अरुंद दगडी पुलाशी पोहोचते. तट्टांच्या पाठीवर माल लादून डोंगरापलीकडे नेणाऱ्या व्यापाऱ्यांचा हा पूल. पलीकडे ‘जेकब्ज लॅडर’ ही उभी चढण लागते. नाव बायबलमधले वाटले तरी ते जेकब मार्शल या अठराव्या शतकातल्या शेतकऱ्यावरून पडले, असे सांगतात. तट्टू वळणावळणाने वर येईपर्यंत आपण सरळ चढून वर निवांत बसावे, म्हणून त्याने या पायऱ्या खोदल्या. आजही चढणीला दोन्ही वाटा आहेत.

चढ संपल्यावर मुख्य वाट सोडून थोडे पश्चिमेकडे गेले की दगडी कुंपणाच्या कोनाड्यात ईडेल क्रॉस उभा दिसतो. मध्ययुगातला हा क्रूस राखीव रानाची हद्द आणि तट्टांची वाट दाखवणारा. मध्यंतरी तो आडवा झाला होता. आसपासच्या शेतकऱ्यांनी १८१० मध्ये पुन्हा उभा केला, आणि करताना ते साल व आपली आद्याक्षरेही त्यावर कोरून टाकली. देवळाच्या पायरीवर नाव घालणाऱ्यांना हे समजण्यासारखे आहे.

इथून वाट किंडर लोवरून पठाराच्या पश्चिम कडेने जाते. कडेचे खडक म्हणजे भरड वाळूचा दगड. सुमारे ३२ कोटी वर्षांपूर्वी एका प्रचंड नदीच्या मुखाशी साचलेल्या गाळातून तो बनला. पूर्वी त्याची जाती करत. पुढे किंडर नदी कड्यावरून ३० मीटर खाली कोसळते. हा किंडर डाउनफॉल. पश्चिमेचा वारा जोरात असला की पाणी खाली न पडता उलटे वर उडते आणि तो पांढरा फवारा कित्येक मैलांवरून दिसतो.

कड्यावरून खाली जलाशय आणि त्याच्या पलीकडे विल्यम क्लफ ही घळ दिसते. २४ एप्रिल १९३२ च्या रविवारी हेफिल्ड गावाबाहेरच्या खाणीत सुमारे ४०० तरुण जमले आणि या घळीने वर चढले. बहुतेक मँचेस्टरकडचे कामगार, पुढारी वीस वर्षांचा बेनी रॉथमन. तेव्हा किंडर जमीनदारांच्या मालकीचे आणि ग्राउज पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखलेले होते. शिकार वर्षातून मोजके दिवस, वाटा मात्र बारमाही बंद. राखणदारांशी झटापट झाली, एक जण जखमी झाला. विनापरवाना जमिनीवर पाय ठेवणे हा तेव्हा फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगलीसारखी कलमे लावून पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. पदभ्रमण करणाऱ्यांच्या प्रस्थापित संस्थांना ही धडक पसंत नव्हती. शिक्षेने मात्र लोकमत फिरवले. १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९५१ मध्ये किंडर ज्यात येते तो पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान ठरला. मोकळ्या माळावर चालण्याचा सर्वसाधारण हक्क मिळायला मात्र २००० चा कायदा यावा लागला. २००२ मध्ये डेव्हनशरच्या ड्यूकने, त्या जमीनदारांपैकी एक असलेल्या आपल्या आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, तेव्हा त्या घटनेला ७० वर्षे झाली होती.

डाउनफॉलपासून परतीची वाट कडा सोडून पठाराच्या पोटात शिरते. इथला काळा चिखल म्हणजे पीट. पाण्यात अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा हा थर वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढतो. किंडरवर तो काही ठिकाणी पुरुषभर उंचीहून जाड आहे. पावसाने त्यात चर कापले आहेत. चरात उतरले की दोन्ही बाजूंना काळ्या भिंती आणि वर आभाळाची पट्टी. चढून बाहेर यावे तर पुढे तसाच दुसरा चर. धुके उतरले की होकायंत्राशिवाय दिशा कळत नाही, माणूस गोल फिरून आपल्याच पावलांच्या ठशांवर येतो. शहाण्याने अशा दिवशी कडेची वाट सोडू नये.

ईडेलहून स्कॉटलंडच्या हद्दीपर्यंत ४३० किलोमीटर जाणारा ‘पेनाइन वे’ हा पायी मार्ग १९६५ साली खुला झाला, तोही त्या धडकेच्या तारखेला, २४ एप्रिललाच. तो पूर्वी याच पठारावरून जाई. हजारो बुटांनी पीट इतका तुडवला गेला की मार्ग जेकब्ज लॅडरकडे वळवावा लागला. म्हणजे या फेरीत जाताना नवा पेनाइन वे आणि येताना जुना चालून होतो.

बूट हे नुकसानीचे लहान कारण. कारखान्यांच्या धुरातल्या आम्लाने पाणी धरून ठेवणारे स्फॅग्नम शेवाळ मेले, मेंढ्यांनी गवत खरवडले, वणव्यांनी उरलेले जाळले. शेवाळ गेले की पीट सुकतो, वाऱ्यापावसाने वाहून जातो आणि खालच्या खोऱ्यांत पूर वाढतात. १९८२ मध्ये नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने किंडर विकत घेतले. त्यानंतर मेंढ्या आवरल्या, हेलिकॉप्टरने चुना, बी आणि हेदरच्या काटक्या टाकल्या, चरांत छोटे बांध घातले आणि शेवाळाची रोपे हाताने लावली.

पेनाइन वेच्या ओल्या टप्प्यांवर फरश्या अंथरल्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच पाडलेल्या सूतगिरण्यांच्या. काहींवर यंत्र घट्ट बसवण्यासाठी पाडलेली भोके अजून आहेत. अमेरिकेतल्या यादवीमुळे १८६१ नंतर तिकडचा कापूस थांबला, तेव्हा मँचेस्टरभोवतीच्या लँकेशर परगण्यातल्या गिरण्या मुंबई बंदरातून अधिक कापूस नेऊ लागल्या. खानदेश-वऱ्हाडच्या गाठी अशाच फरश्यांवर उतरल्या असणार.

पठाराच्या दक्षिण कडेवरून ग्राइंड्सब्रुकची घळ खाली उतरते. वरचा भाग म्हणजे ओढ्यातले सुटे धोंडे. ओल्या दिवशी हात टेकत उतरावे लागते. हळूहळू वाट रुळते, झाडी लागते, ओढ्यावर लाकडी पूल येतो आणि समोर ईडेलचे ‘ओल्ड नॅग्ज हेड’ हे मद्यगृह. पेनाइन वेची अधिकृत सुरुवात याच दारातून होते. स्टेशन तिथून दहा-पंधरा मिनिटांवर आहे.