आधुनिक अध्यात्माची मुळे (लेखांक ७) : चाळीस, दहा आणि दहा मिनिटे

कल्याण सोडून कर्जतच्या दिशेने निघालेली लोकल विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके घेत जाते. आपल्या विषयाचे तीन थर या एवढ्याशा टापूत एकमेकांलगत पडलेले आहेत, म्हणून आजचा लेखांक या गाडीतच लिहावयाचा.

अंबरनाथचे शिवालय शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकीर्दीतील शिलालेख तेथे आहे. इतर देवळांत भक्त पायऱ्या चढून देवापुढे जातो, येथे मात्र मंडपातून गाभाऱ्याकडे सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात, आणि उतरताना मागची घंटा व वालधुनी नदीकाठचा कोलाहल हळूहळू मावळून अंधुक उजेडात पाय पुढची पायरी चाचपू लागतो. येथे योगी ध्यानस्थ बसत, असे छातीठोक सांगण्याची हल्लीची हौस मला मान्य नाही. शिलालेख बांधकामाविषयी बोलतो, समाधीविषयी नाही.

दुसरा थर अवघ्या पाऊणशे वर्षांचा. फाळणीनंतर सिंधमधून परागंदा झालेल्या कुटुंबांना सरकारने कल्याणनजीकच्या लष्करी छावणीत उतरवून घेतले, तिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले, आणि तरीही लोक आजतागायत पत्ता सांगताना कॅम्प चार, कॅम्प पाच असेच म्हणतात. या निर्वासितांच्या मनात शाह अब्दुल लतीफ यांचे सूफी काव्य होते, चैनराय ‘सामी’ यांचे वेदान्तपर श्लोक होते. त्यांच्या टिकाण्यांत, म्हणजे देवस्थानांत, गुरू ग्रंथसाहिब व सिंधी दैवत झूलेलाल एका छताखाली नांदतात, आणि दरसाल जुलै-ऑगस्टात पाळला जाणारा चालीहो म्हणजे चाळीस दिवसांचा संयम होय. मांसाहार वर्ज्य, कित्येकांचा वस्तराही वर्ज्य, आणि अखेरीस मिरवणुकीने मटकी, म्हणजे मडके, पाण्याकाठी जाते. सूफींचा एकांतवासही, चिल्ला, चाळीसच दिवसांचा, हे साम्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तिसरा थर, आजच्या ध्यानाचा, आपल्या नजरेसमोर आहे, आणि त्याची वाट मात्र ब्रह्मदेशातून आली. मंडालेत जन्मलेले व्यापारी सत्यनारायण गोएंका तीव्र अर्धशिशीने त्रस्त होऊन १९५५ साली रंगूनमध्ये ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे गुरू मठाधिपती नव्हते. ते सरकारी हिशेबखात्याचे प्रमुख, स्वतंत्र ब्रह्मदेशाचे पहिले महालेखापाल होते. केवळ डोकेदुखीसाठी आलेल्या माणसास त्यांनी प्रथम नकार दिला, कारण त्यांच्या मते विपश्यनेची ही ध्यानविद्या अशा क्षुल्लक हेतूने शिकावयाची नव्हती! पुढे १९६९ मध्ये तीच विपश्यना घेऊन गोएंका मुंबईस आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीत दहा दिवसांचे मौन, आरंभी केवळ श्वासाचे निरीक्षण आणि मग देहातील संवेदनांचे, असा क्रम सुरू झाला.

१९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट वेदनेचे रोगी घेऊन ध्यानाचा अभ्यासक्रम काढला. ज्या हेतूस रंगूनमध्ये दार लावले होते, तोच हेतू तेथे प्रवेशपत्र ठरला. यास मी अधःपतन म्हणणार नाही, दुखणे हेही माणसाला आत नेणारे दार असू शकते. परंतु बदलापूर लोकलच्या दाराशी दांडा धरून, कानात इयरफोन खोचून, मोबाइलवर दहा मिनिटांचे ध्यान ऐकणारा गृहस्थ पाहिला की मला वाटते, चाळीस दिवसांचे दहा झाले त्यात विद्येची काटकसर होती, दहा दिवसांची दहा मिनिटे झाली त्यात संयमाचा करारच रद्द झाला. त्या गृहस्थाचा दोष नाही. त्यास बसावयासही जागा मिळालेली नसते.

पुढील लेखांकात लोणावळ्यास जाऊ. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापन करून योगाची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली होती.