समोरचा वारा सायकलस्वाराला का मोडतो?

महाड : मुंबई-गोवा महामार्गावर लांब पल्ल्याचे सायकलस्वार आता महाड-पोलादपूरकरांना नवीन नाहीत. कशेडी, आंबेनळी चढायची तयारी करूनच ते येतात. फजिती होते ती सपाट रस्त्यावर, वारा तोंडावर आला की.

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किमीने चाललेल्या सायकलसमोर तेवढाच वारा आला, तर अंगावर हवा येते ताशी ४० किमीची. अडथळा दुप्पट नाही, चौपट होतो. अशा वेळी जुना वेग टिकवायला जाणारा लवकरच गळपटतो. वेग १२ वर आणला, तर हवा कापायला लागणारी ताकद आधीच्या दीडपटीवरच भागते. म्हणून गिअर हलका करायचा आणि मीटरकडे बघायचे नाही.

आपल्याकडे उन्हाळ्यात या वाऱ्याची वेळ जवळपास ठरलेली. दुपारी जमीन तापते, हवा वर जाते आणि समुद्रावरचा खारा वारा बाणकोट खाडीतून सावित्रीचे खोरे धरून आत शिरतो. महाडहून दासगाव, टोळ, आंबेतमार्गे श्रीवर्धनकडे जायचे असेल तर पहाटे निघावे, परतीला दुपार धरावी. तोच वारा मग पाठीवर घेता येतो. दुपारी निघणाऱ्याच्या मात्र ऊन आणि वारा दोन्ही तोंडावर.

पावसाळ्यात वारा नैऋत्येचा. गोव्याकडे जाणाऱ्याला तो पुढून, उजव्या अंगाने लागतो. ट्रक शेजारून गेला की वारा क्षणभर अडतो, सायकल उजवीकडे झुकते आणि लगेच झोत परत आदळतो. पुलावर हे जास्त जाणवते. तिथे हँडल सैल पण दोन्ही हातांनीच धरावे.

ब्रेव्हेच्या राईडला २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात, ३०० साठी २० तास. वारा होता म्हणून मिनिटाचीही सवलत नाही. मग वेळ वाचवायचा तो चहाच्या टपरीवर, पायडलवर नव्हे. चौघे असतील तर एकामागे एक चालावे, पुढच्याने थोड्या वेळाने मागे यावे. मागच्याला बरीच कमी ताकद लागते. पण हे रहदारी नसलेल्या रस्त्यावरच, आणि ट्रकच्या मागे तर कधीच नाही. कोपर वाकवून अंग खाली घ्यावे. फडफडणारे जाकीट काढून पिशवीत टाकावे, तेही हवाच धरते.