बांधावरची माती अन् दर्यातलं पोवळं

वरळीच्या बीडीडी चाळीतल्या खोल्यांनी कोकणातली अन् घाटावरची किती गावं सांभाळली! गावचा पाहुणा वरळीचा समुद्र हमखास पाहून जायचा. पण तिथल्या खडकांवर जिवंत पोवळं आहे, हे थोड्यांनाच ठाऊक. सागरी किनारा रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजीअलीच्या पोवळ्यांच्या १८ वसाहती २०२० मध्ये दुसरीकडे हलवाव्या लागल्या. कायद्यानं पोवळ्याला वाघाच्याच यादीत बसवलं आहे.

याहून मोठी वस्ती आहे मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती. तिथं १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. आता शेतकरी म्हणेल, ‘दर्यातल्या पोवळ्याशी आमचा काय संबंध?’ संबंध नदीचा आहे. गड नदी मालवणच्या उत्तरेला समुद्राला मिळते, कर्ली दक्षिणेला. वरकस जमिनीची माती, फेकलेला युरिया, गोठ्याचं अन् वाडीचं सांडपाणी पावसात त्याच वाटेनं जातं.

पोवळ्याच्या अंगात शेवाळासारखे सूक्ष्म जीव राहतात आणि उन्हाच्या जोरावर त्याला अन्न पुरवतात. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा एखादा अंश जास्त पाणी काही आठवडे राहिलं, की हे जीव बाहेर पडतात आणि पोवळं पांढरं पडतं. पाण्यात नत्र जादा असेल तर ही वेळ लवकर येते. गाळानं ऊन अडतं, खताच्या पाण्यावर शेवाळ माजतं आणि नव्या पोवळ्याला खडकावर जागा उरत नाही.

हवाई बेटाजवळ २०१५ मध्ये समुद्र तापला होता. जिथं जमिनीवरची घाण कमी येत होती आणि मासे भरपूर होते, तिथलं पोवळं चांगलं टिकलं, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. स्वच्छ पाण्यानं समुद्राची उष्णता कमी होत नाही. पण ती सोसायची ताकद राहते.

उपाय आपल्या ओळखीचेच आहेत. भातात युरिया फेकण्याऐवजी युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मधोमध चिखलात खोचाव्यात. बांधावर वाळा लावावा. ग्रामपंचायतीनं घरोघरी शोषखड्डे आणि डोंगरउतारावर समतल चर मनावर घ्यावेत. माती अन् खत शेतात राहिलं तर पहिला फायदा शेतकऱ्याचाच. पोवळं जगलं तर त्याच्या आडोशाला वाढणारी मासळीही जगेल.