कपाटात एक जागा, सूचीत तीन वाटा

अहिल्यानगर : 'नवीन काय आले?' एवढेच विचारून पुस्तक बदलणारा सभासद वाचनालयाच्या सूचीकडे सहसा वळत नाही. १८३८ मध्ये स्थापन झालेल्या येथील जिल्हा वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयांत मात्र सूचीवाचून बरेच ग्रंथधन दृष्टीआडच राहण्याचा संभव असतो.

पुस्तक कपाटात एकाच जागी राहते. सूचीत त्याच्या नोंदी लेखक, शीर्षक आणि विषय अशा तिन्ही अंगांनी करता येतात. नगरमध्ये वास्तव्य केलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' हे आत्मचरित्र आहे, हे शीर्षकावरून कळत नाही. विषयाची नोंद नसेल, तर आत्मचरित्रे शोधणाऱ्याला ते गवसणार नाही. त्यावरील समीक्षा दुसऱ्याच कपाटात असते. दोहोंची गाठ सूचीतच पडते.

साने गुरुजींची 'श्यामची आई' (१९३५) बालवाङ्मयात ठेवावी की कादंबऱ्यांत, हाही प्रश्नच. एकीकडे ठेवली, तरी दुसरीकडे तिची नोंद हवी. ती राहून गेल्यास पुस्तक ग्रंथालयात असूनही मुलाच्या हाती पडत नाही.

म्हणूनच पुढील खेपेस पुस्तकाच्या नावाबरोबर विषयही सांगून पाहावा.