स्वरलेखनातील खुणांचे वाचन : गिटारचे टॅब्लेचर आणि भातखंडे-पलुस्कर पद्धती

बीजसंज्ञा : टॅब्लेचर, स्वरलिपी, मात्रा, कोमल-तीव्र, प्रारंभिक विद्यार्थी

प्रस्तावना :
बीडसारख्या जिल्ह्यातील महाविद्यालयात संगीत शिकू इच्छिणारा विद्यार्थी आज दोन वाटांनी येतो. एक वाट भजनी मंडळाची व पेटीची असून तीत कान तयार असतो, लिपीची ओळख मात्र नसते. दुसरी वाट मोबाईलवरून गिटार शिकलेल्याची. त्याला सहा रेषांवरील आकडे वाचता येतात, पण 'सा' कोठे आहे हे विचारले असता तो गोंधळतो. हे दोघे एकाच वर्गात एकाच क्रमिक पुस्तकासमोर बसले की प्रथम अडचण येते ती रागाची नव्हे, खुणांची. प्रस्तुत लेखात या अडचणीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

टॅब्लेचरचे स्वरूप :
टॅब्लेचर ही स्वराची लिपी नसून बोटाच्या जागेची लिपी आहे. सहा आडव्या रेषा म्हणजे गिटारच्या सहा तारा. रेषेवरील आकडा म्हणजे पडद्याचा क्रमांक आणि शून्य म्हणजे मोकळी तार. सर्वांत वरची रेषा ही सर्वांत बारीक तार होय. वाद्य हाती धरले असता हीच तार जमिनीकडे असते, त्यामुळे नवशिका पहिल्याच दिवशी उलटे वाजवतो. यात त्याचा दोष नाही. युरोपात ल्यूट या वाद्यासाठी अशीच लिपी वापरात होती व १५०७ मध्ये व्हेनिस येथे पेत्रुच्ची याने ती छापली. त्या इटालियन पद्धतीत खर्जाची तार वरच्या रेषेवर असे, तर फ्रेंच पद्धतीत बारीक तार वर असून आकड्यांऐवजी अक्षरे येत. म्हणजे वर-खालीचा हा गोंधळ पाचशे वर्षांचा जुना आहे.

उदाहरणादाखल भूपाचा आरोह घेऊ. पाचव्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर, म्हणजे पांढरी एकवर, षड्ज मानला तर सा पाचव्या तारेवर ३, रे चौथ्या तारेवर ०, ग तिथेच २, प तिसऱ्या तारेवर ०, ध तिथेच २ आणि तार सा दुसऱ्या तारेवर १ असा येतो. आकड्यांची ओळ झाली ३, ०, २, ०, २, १. स्वर सतत चढत आहेत, आकडे मात्र खालीवर होत आहेत. आकडा म्हणजे स्वराची उंची असा समज करून घेतलेल्या विद्यार्थ्याला ही एक ओळ फळ्यावर लिहून दाखविली की पुढील बरेच स्पष्टीकरण वाचते. आकड्यांखाली त्यानेच स्वरनामे लिहावीत. हा सराव आठवडाभर झाला की तो क्रमिक पुस्तक उघडण्यास सिद्ध होतो.

टॅब्लेचरची खरी उणीव काळाची आहे. दोन आकड्यांमधील अंतर हे कागदावरचे अंतर असते. ते किती मात्रांचे, हे साध्या टॅबमध्ये लिहिलेलेच नसते. मूळ गाणे आधी ऐकलेले असेल तरच ते वाजवता येते. आपल्या दोन्ही पद्धतींचा भर मात्र नेमका याच ठिकाणी आहे.

भातखंडे आणि पलुस्कर :
पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' मूळ मराठीत सिद्ध झाली, ही गोष्ट आपण अनेकदा विसरतो. तिच्यातील लिपी अत्यंत काटकसरीची आहे. शुद्ध स्वराला खूण नाही. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू. एकटा स्वर म्हणजे एक मात्रा, तर एका मात्रेत अनेक स्वर आल्यास त्यांच्याखाली कंस. समेला ×, खालीला ०, टाळ्यांना २, ३ असे अंक. त्रितालाच्या सोळा मात्रा चार-चारच्या चार खंडांत ×, २, ०, ३ या खुणांखाली मांडल्या की पान डोळ्यांना चौकटीसारखे दिसते.

पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या लिपीत कालमापन अधिक सूक्ष्म आहे, कारण मात्रेच्या प्रत्येक अंशाला स्वतंत्र चिन्ह आहे. कोमल स्वर हलंताने दाखवितात. मंद्र स्वराचा बिंदू येथे वर येतो आणि तार स्वरावर उभी रेघ येते. समेला १ व खालीला + लिहितात. व्यवहारात भातखंडे पद्धतीच अधिक रुळली, कारण ती हाताने भरभर लिहिता येते. परीक्षांच्या शास्त्र विषयात मात्र दोन्ही पद्धतींची माहिती विचारली जाते, आणि विद्यार्थी नेमका तेथेच अडखळतो.

एकच खूण, तीन अर्थ :
शून्याचे उदाहरण घ्यावे. टॅबमध्ये ते मोकळी तार दाखविते, भातखंडे पद्धतीत खाली, तर पलुस्कर पद्धतीत अर्धी मात्रा. × ही खूण टॅबमध्ये दाबून मुका केलेला आघात, भातखंडे पद्धतीत सम, पलुस्कर पद्धतीत चार मात्रा. स्वरावरील बिंदू एका पद्धतीत तार सप्तकाचा, दुसरीत मंद्राचा. उभी रेघ एकीत तीव्राची, दुसरीत तार सप्तकाची. पलुस्कर पद्धतीची जुनी पोथी भातखंडे पद्धतीच्या नजरेने वाचणारा विद्यार्थी दोन सप्तकांची चूक करील आणि तरीही त्याला ती चूक वाटणार नाही. म्हणून खुणांचा तक्ता पाठ करून घेण्यापूर्वी 'हे पान कोणत्या पद्धतीचे ?' हा प्रश्न विचारण्याची सवय लावणे प्रस्तुत लेखकास अधिक महत्त्वाचे वाटते. ताल-खुणांच्या ओळीत सम कशी लिहिली आहे एवढे पाहिले तरी उत्तर मिळते.

जेथे साम्य आहे तेथे त्याचा उपयोगही करून घ्यावा. टॅबमध्ये दोन आकड्यांमध्ये तिरकी रेघ असते, तेव्हा बोट न उचलता घसरत जायचे असते. भातखंडे पद्धतीत दोन स्वरांवर काढलेला कंस मींड दाखवितो. गिटारवाल्या मुलाला मींड समजाविण्यास याहून जवळचा मार्ग नाही. मात्र वरचा कंस मींडीचा व खालचा मात्रेचा, हा भेद त्याला प्रत्येक वेळी सांगावा लागतो.

छपाईचा प्रश्न :
या विषयाची एक बाजू संगीत विभागापुरती मर्यादित नाही. कोमलाची रेघ व मंद्राचा बिंदू या अक्षराखालच्या बारीक खुणा आहेत. संगणकावर त्या लिहिताना पुष्कळदा वैदिक अनुदात्ताची खूण कोमलासाठी व उदात्ताची तीव्रासाठी वापरली जाते. फाँट बदलला की त्या सरकतात किंवा नाहीशा होतात, झेरॉक्समध्ये बिंदू उडतात. भैरवाचा आरोह 'सा रे॒ ग म प ध॒ नि सां' असा आहे. त्यातील दोन रेघा गेल्या की उरतो तो बिलावल. एका परीक्षेत नेमके असे घडले. राग ओळखा या प्रश्नाखाली छापलेल्या ओळीत रेघा नव्हत्या. बिलावल लिहिणाऱ्या विद्यार्थिनीचे उत्तर छापील ओळीनुसार बरोबर होते, परंतु उत्तरसूचीत भैरव असल्याने तिला शून्य गुण मिळाले. पुनर्तपासणीत मूळ हस्तलिखित पाहिल्यावर ही गोष्ट उघड झाली.

तेव्हापासून प्रस्तुत लेखक प्रश्नपत्रिकेत खुणेसोबत 'रे कोमल, ध कोमल' असे शब्दांतही लिहितो आणि जेथे शब्दांत लिहिल्याने उत्तरच फुटेल तेथे छपाईनंतर प्रत्येक प्रतीवर हाताने रेघ ओढतो. साठ प्रतींना सुमारे अर्धा तास लागतो.